बुबुळ

माझा नवरा मेलेल्यांना डोळे देतो.
हसू नका, धंदाच आहे तो आमचा,
सासऱ्यांचा होता, त्यांच्या बापाचा होता.

संथाळांच्या पाड्यावर कुणी गेलं
की चार दिवसांनी सुबल अंगणात उभा राहतो,
झोळीतून वीतभर कागद काढतो.
कागदावर माणूस, हातात काठी, डोक्याला फडकं,
सगळं जिथल्या तिथे,
फक्त डोळ्यात बुबुळ नाही.
"तुमचा सोमाय तिकडे चाचपडतोय,
वाट सापडत नाही त्याला."
मग आतून रडणं येतं, रडण्यामागून
पायलीभर तांदूळ, कधी कोंबडी, एकदा काशाचा वाडगा.
सुबल कुंचला जिभेवर ओला करतो
आणि ठिपका ठेवतो.
तेवढ्यावर आमची चूल.

सासरे सांगायचे, चित्रं आधीच तयार ठेवावीत,
दुःखात कोण नाक ताडून बघतं?
मी नवी नवरी, मला ती लबाडी वाटली.
अजूनही वाटते.
पण ठिपका पडला की त्या घरातल्या बायका
अडवून धरलेला श्वास सोडतात,
हे मी उंबऱ्यावर बसून पाहिलंय.

मग मोबाइल आले.
दुमक्याच्या बाजारात, चहाच्या टपरीवर
सुबलने जळणारे दोन मनोरे पाहिले.
घरी येऊन काढले, विमानाला चोच दिली.
दुसऱ्या साली लाट काढली, तिला दात दिले.
कलकत्त्याची माणसं जत्रेत असले पट घेतात,
देवांच्या पटापेक्षा चार पैसे जास्त देऊन.
मी म्हटलं, काढ बाबा.

यंदा ती होडी.
कुठल्या समुद्रातली, त्याला नाव सांगता येईना.
आधी माणसंच माणसं, पाणी दिसेना,
मग नुसतं पाणी.
बातमीवाली म्हणाली, दोनशे बारा.

सुबलने कागदाला कागद डकवला,
पाठीला माझं जुनं लुगडं चिकटवलं.
काजळी, गेरू, घेवड्याच्या पाल्याचा हिरवा, बेलाचा चीक.
सव्वा महिना. मोजून दोनशे बारा.
सगळे आमच्या रीतीने, एका बाजूला तोंड,
बुडतानाही ताठ,
बुडणारा माणूस कसा काढायचा
हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.
समुद्राला डोळे पहिल्याच दिवशी दिले.
माणसांना नाही.

शहरातून एक बाई आल्या, चष्मा वर करून बघत राहिल्या.
"असंच राहू द्या. रिकामे डोळे फार बोलतात."
नऊ हजार म्हणाल्या.
नऊ हजारांत छपराला पत्रे येतात.
सुबलने पट गुंडाळला.
"यांच्या घरचं कुणी आलं नाही अजून."
बाईंना कळलं नाही.
मला कळलं, आणि त्याचा रागच आला.

रात्री तो पट पसरून नुसता बसलेला.
नियम असा, घरच्यांनी द्यायचं, मगच बुबुळ.
फुकटचा डोळा उघडत नाही म्हणतात.
दिव्यातलं तेल चाललं होतं.
शेवटी मी उठले, मडक्यात हात घातला,
मूठभर तांदूळ त्याच्यापुढे ठेवले.
"घे. मी त्या लाल ओढणीवालीची मावशी."
त्याने वर पाहिलं.
कुंचला ओला केला.

आठव्या मुठीला मडक्याचा तळ नखाला लागला.
मग तीच मूठ उचलायची, पुन्हा ठेवायची.
मी याची आत्या. हिची थोरली जाऊ.
या पोराची, पोराची कोण ते सुचेना,
तर नुसतीच ठेवली.
टोपीवाल्याची शेजारीण. याची उधारी राहिलेली वाणीण.
सासरे असते तर खो खो हसले असते,
तेच तांदूळ दोनशेदा, मेहेरन, तू तर आमच्यावर कडी केलीस.

कोंबड्याच्या वेळेला शेवटचा ठिपका पडला.
समुद्र तेवढा आमच्याकडे बघत होता आधीपासून,
आता बाकीचेही.

उजाडल्यावर ती मूठ मी शिजवली.
दोनशे बारा घरांतून आलेला भात,
दोघांना जेमतेम पुरला.